आवतण आणि आशीर्वाद



व्याख्यानमालेच्या चालकांचे पत्र आमच्या हाती पडले, तेव्हा पोस्टमनने पत्ता चुकवला असावा असेच आम्हांला प्रथम वाटले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत ऋतूतल्या व्याख्यानांची प्रथा घातली. तेव्हापासून ठिकठिकाणच्या अशा व्यासपीठांवर प्राध्यापक बोलतात, डॉक्टर बोलतात, वकील तर बोलतातच. आमची शाळा सातवीत संपली. पुढचे जे काही शिकलो ते जालन्याच्या मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीवर बसून, रद्दीच्या दुकानातून शेराच्या भावाने आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडितांना खटकेल असे पुष्कळ असेल. ते त्यांनी सोसावे. आम्हीही त्यांचे पुष्कळ सोसले आहे.

कामगारांचा माणूस बोलावला म्हणजे तो किमान वेतनावर बोलणार, असे चालकांनी धरले असेल. त्यावर आम्ही बाराही महिने बोलतो. आज आम्ही सणासुदीला, लग्नकार्यात, पंगतीत आपण एकमेकांना जे चार शब्द म्हणतो त्यांच्याविषयी बोलणार आहोत. तिळगुळ घ्या, सोनं घ्या, औक्षवंत व्हा, अन्नदाता सुखी भव. हा विषय आमच्या डोक्यात आला तो मात्र थेट आयर्लंडहून. तो कसा, ते आधी सांगितले पाहिजे.

1913 साली डब्लिन शहरात मालकांनी सुमारे वीस हजार कामगारांना कामाबाहेर काढून दरवाजे बंद केले. कामगारांचे पुढारी होते जिम लार्किन आणि जेम्स कॉनोली. हा कॉनोली पुढे 1916 साली इंग्रजांच्या गोळ्यांनी मेला. जखमी होता, उभे राहवत नव्हते, म्हणून त्याला खुर्चीत बसवून गोळ्या घातल्या. त्या टाळेबंदीची माहिती मिळावी म्हणून आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन आयर्लंडविषयी जे मिळेल ते वाचत होतो. वाचता वाचता त्या लोकांच्या घरगुती शुभेच्छा आमच्यासमोर आल्या आणि लढा बाजूला ठेवून आम्ही त्याच वाचत बसलो.

हे लोक पेला उंचावून 'स्लान्चा' म्हणतात. त्याचा अर्थ आरोग्य. तेवढेच बहुतेकांना ठाऊक असते, कारण पेल्याची गोष्ट लवकर पसरते. पण त्यांची भाषा त्याहून पुष्कळ श्रीमंत आहे. वाटेत भेटणारा म्हणतो, देव तुझ्यासोबत असो. उत्तर देणाऱ्याने तेवढेच म्हणून भागत नाही. त्याने म्हणायचे, देव आणि मेरीमाता तुझ्यासोबत असोत. म्हणजे शुभेच्छेची परतफेड व्याजासकट करायची. प्रवासाला निघालेल्याला ते म्हणतात, तुझी वाट तुला फळो. या वाक्याचे इंग्रजीत कोणी तरी चुकीचे भाषांतर केले आणि रस्ताच उठून तुला भेटायला येवो असे झाले; आता जगभर भिंतीवरच्या पाट्यांवर ती चूकच टांगलेली असते. मेजवानी संपता संपता ते आणखी एक वाक्य म्हणतात : पुढल्या वर्षी याच वेळी आपण सारे जिवंत असो. 1845 पासून त्या देशात बटाट्याचे पीक कुजले, दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, तितकीच देश सोडून गेली. अशा मुलखातले हे वाक्य आहे. आमचा जन्म 1972 च्या दुष्काळातला. दिवाळी आटोपली की पणत्या पुसून फडताळात ठेवताना आमची आई म्हणायची, "जगलो वाचलो तर पुढल्या दिवाळीला." हे आयरिश वाक्य वाचले तेव्हा समुद्रापलीकडची ती बाई आम्हांला फार अनोळखी वाटली नाही.

पण आम्ही खरे अडखळलो ते एका वेगळ्याच शुभेच्छेपाशी. शेतात, कारखान्यात, कोणी काम करीत असताना जवळून जाणारा आयरिश माणूस म्हणतो, देवाची कृपा या कामावर असो. माणसावर नव्हे हो, कामावर! आम्ही पुस्तक मिटले आणि स्वतःला विचारले, की बाबा रे, आपल्या मराठीत काम करणाऱ्याला उद्देशून असे वाक्य आहे काय? रात्रभर आठवले. हमालाच्या पाठीवर शंभर किलोचे पोते असताना त्याला उद्देशून जे शब्द उच्चारले जातात ते आम्हांला पाठ आहेत. ते या सभेत सांगण्याजोगे नाहीत.

तेव्हापासून आम्ही आपल्या शुभेच्छांकडे जरा संशयाने पाहू लागलो. कोण कोणाला म्हणतो, वरून खाली म्हणतो की बरोबरीने, आणि म्हणणाऱ्याच्या खिशाला त्याची काही तोशीस पडते का, एवढेच आम्ही पाहतो. संघटनेच्या माणसाला दुसरे पाहता येत नाही.

पहिल्याने वरून खाली येणारे आशीर्वाद घेऊ. खाली वाकायचे, आणि वरच्याने 'हो' किंवा 'भव' म्हणायचे. मुलगा वाकला तर औक्षवंत हो, मोठा हो. सून वाकली तर अष्टपुत्रा सौभाग्यवती भव. आता बारकाईने पाहा. मुलाला आयुष्य मिळाले ते त्याच्यासाठी. सुनेला जे मिळाले त्यात आठ मुलगे आहेत, नवऱ्याचे आयुष्य आहे, तिचे स्वतःचे काय आहे? आठ बाळंतपणांत ती जगावी अशी साधी इच्छाही त्यात नाही. देणाऱ्या आजीच्या मनात माया असते, यात आम्हांला शंका नाही. पण शब्द माणसाच्या आधी कोणी तरी घडवून ठेवलेले असतात.

ज्योतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्या पद्धतीचे पहिले लग्न लागले. फुल्यांनी स्वतः मंगलाष्टके रचली. त्यांत भटजी दोघांच्या वतीने बोलत नाही. वधू-वर स्वतः एकमेकांशी बोलतात. वधू म्हणते की आम्हां स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा ते हक्क मला देशील अशी शपथ घे. आणि वर ती सर्वांसमक्ष घेतो. आशीर्वादाच्या जागी त्यांनी करार आणून बसवला. आम्ही आजवर अनेक करारांवर सह्या केल्या आहेत, पण याच्याइतका सरळ मसुदा आम्हांला साधलेला नाही.

मंगलाष्टकांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. जन्म 1608 चा. परंपरा असे सांगते की बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, अंतरपाट धरलेला होता, भटजींनी 'सावधान' म्हटले आणि मुलगा खरोखरच सावध होऊन मंडपातून पळाला. लग्नात हा शब्द सगळेच ऐकतात, पण तो आपल्याला उद्देशून आहे असे मानणारा तो एकटाच निघाला. इतिहासाच्या कसोटीला ही गोष्ट कशी उतरते ते विद्वानांनी पाहावे. आम्हांला ती आवडते, कारण म्हणण्याच्या सवयीने गुळगुळीत झालेल्या शब्दाचा अर्थ एखाद्याने अचानक खरा धरला म्हणजे काय होते, ते तिच्यात आहे.

आता मोंढ्यात या. जालना म्हणजे सोने का पालना, असे आपल्या गावाविषयी जुने लोक म्हणत. हाही आशीर्वादच, आणि सोन्याचा. पाळणा कोणी हलवायचा एवढे त्यात सांगायचे राहून गेले. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या रात्री अडत्याच्या गादीवर नवी वही उघडतात आणि कुंकवाने लिहितात, शुभ लाभ. ही वहीला दिलेली शुभेच्छा. तसेच धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. आम्ही लहानपणी खळ्यावर हे ऐकले आहे. रास पडली की पायातली वहाण काढून आत जायचे, आणि मापणारा एका सुरात म्हणायचा, लाभ, लाभ, लाभ, जोवर पायली भरत नाही तोवर. दख्खनी बोलणारे आमचे मुसलमान हमाल त्याच जागी बरकत म्हणत. शब्द दोन, भावना एक : मोजायला लागण्यापूर्वी देवाचे नाव. आम्हांला हे सुंदर वाटते. फक्त इतकेच, की सोळा पोती मोजली गेली तर लाभ अडत्याच्या वहीत चढतो आणि मोजणाऱ्याच्या पाठीवर सोळाच पोती चढतात.

येथे थोडा बोनसाचा इतिहास सांगतो; कंटाळू नका, विषय सोडलेला नाही. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला आणि महागाईही तशीच झाली. मालकांनी कामगारांना वर्षाकाठी पगाराबाहेर काही रक्कम द्यायला सुरुवात केली. ती खुशी होती, सणाची भेट. काही वर्षे ती मिळत राहिली, मग नफा उतरला म्हणून 1923 साली थांबली, आणि 1924 च्या जानेवारीत दीड लाखावर कामगार गिरण्यांबाहेर आले. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीने निर्णय दिला, की या रकमेवर कामगारांचा कोणताही हक्क पोचत नाही. म्हणजे खुशीने दिलेला आशीर्वाद होता. देणाऱ्याने परत घेतला तर तक्रार कसली? संप मोडला. पण ती गोष्ट लोक विसरले नाहीत. 1965 साली बोनसाचा कायदा झाला तेव्हा किमान 4 टक्के ठरले, आणि 1972 साली ते 8.33 टक्क्यांवर गेले. वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, म्हणजे तेरावा पगार. बक्षिसीचा हक्क व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. शब्द बदलायला याहून अधिक वेळ लागतो. अजूनही कित्येक ठिकाणी दिवाळीला पाकीट देताना 'खुशी' असेच म्हणतात, आणि घेणारा वाकून घेतो.

आता एक प्रसंग सांगू. गाव आणि कारखाना सांगणार नाही. भंगार वितळवून सळई काढणारी एक मिल. खंडेनवमीला तेथे सर्व यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, भट्टीला हळदकुंकू वाहिले, मालकांनी स्वतः नारळ फोडला आणि एकेका कामगाराच्या हातावर पेढा ठेवीत 'सुखी राहा' म्हणाले. यंत्रांना हार होते. तापलेली सळई उसळली तर अडवायला जाळी मात्र नव्हती. दिवाळीच्या आत एका बावीस वर्षांच्या पोराचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मालक वाईट माणूस नव्हते. ते फळांची करंडी घेऊन पोराच्या घरी गेले. आम्हीही तेथे होतो. त्यांनी हात जोडून त्याच्या आईला म्हटले, "देव तुमचं भलं करील." ती बाई चुलीपुढून उठलीही नाही. म्हणाली, "देवाचं मी बघते. तुम्ही तुमचं सांगा."

आम्ही तीस वर्षांत पुष्कळ भाषणे ऐकली आणि केली. त्या बाईने सहा शब्दांतही सगळे बोलून टाकले नसते, तर आम्ही हे व्याख्यान दिले नसते. नुकसानभरपाईचा कायदा 1923 पासूनचा. रक्कम हाती यायला तरी तीन वर्षे गेली. जाळी मात्र पंधरा दिवसांत बसली. पुढल्या खंडेनवमीला त्या जाळीलाही कोणी तरी झेंडूची माळ घातली होती. ती कोणी घातली ते आम्हांला ठाऊक आहे.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की या माणसाला सणवार नकोत. तसे नाही. आपल्याकडे दुसऱ्या जातीच्याही शुभेच्छा आहेत, आणि त्यांच्यासाठी आम्ही जीव टाकतो. संक्रांतीला तिळगुळ घ्या, गोड बोला असे जो म्हणतो, त्यालाच समोरून तेच ऐकावे लागते. साहेबाने शिपायाला म्हटले तर शिपायानेही साहेबाला गोड बोलण्याची आज्ञाच करायची. वर्षातून तेवढा एक दिवस ती चालून जाते. दसऱ्याला सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. पान झाडाचे, किंमत शून्य, आणि देवघेव दोन्ही बाजूंनी. (पुष्कळदा आपट्याच्या नावाने बाजारात कांचनाचीच पाने येतात, पण त्याची तक्रार आम्ही वनखात्याकडे करू.) वारीत तर माणसे एकमेकांना माउली म्हणतात आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, कोण आधी वाकला हे मोजायला कोणी उभा नसतो. आमचा मुकादम सलाम आलेकुम म्हणे, पलीकडून वालेकुम सलाम येई. तेही बरोबरीचे.

आणि बरोबरीची नसलेली शुभेच्छा लोकांनी टाकून दिल्याचे उदाहरणही याच महाराष्ट्रात आहे. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा असा दंडक होता. रामराम हा त्याच्या तोंडी शोभत नाही असे मानीत. तो जोहार गेला आणि त्या जागी जय भीम आला. जय भीमला उत्तर जय भीमच. चळवळी कशासाठी, असे आम्हांला तरुण मुले विचारतात. आम्ही त्यांना या दोन शब्दांची गोष्ट सांगतो. ज्याला नमस्काराचा शब्द निवडता येतो, त्याला पुढे मजुरीचा दरही मागता येतो. उलट क्रमाने झालेले आम्ही पाहिलेले नाही.

आपल्याकडे पेला उंचावण्याची रीत नाही. आपण ताटावर बोलतो. जेवण झाले की अन्नदाता सुखी भव. लग्नाच्या पंगतीत हे ज्याच्याकडे पाहून म्हणतात तो वधूपिता बिचारा त्या वेळी कर्जाचा हिशेब करीत असतो. एरवी आपण ज्याच्या घरी जेवतो त्याला हे म्हणतो, आणि ज्याच्या शेतातून ते आले तो त्या वेळी कोठे जेवतो ते आपल्याला ठाऊक नसते. आपल्या मराठवाड्यात गेली पंचवीसएक वर्षे सुखी भव हे दोन शब्द शेतकऱ्याच्या दारात मोठ्याने म्हणवत नाहीत. का ते सर्वांना माहीत आहे. कोणत्याही आठवड्याचे वर्तमानपत्र उघडा.

त्याच शेतकऱ्याच्या घरात मात्र दिवाळीच्या पाडव्याला बायका ओवाळताना म्हणत आल्या आहेत, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणाने ज्याला पाताळात घातला, त्याचे राज्य परत येवो अशी इच्छा घरच्या उंबऱ्यात उभे राहून करायची, आणि तीही निरांजन हातात घेऊन! फुल्यांनी 1873 सालच्या 'गुलामगिरी'त या वाक्याला हात घातला. बळी हा कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, आणि या बाया नकळत त्याची आठवण जागती ठेवीत आल्या, असा त्यांनी अर्थ लावला. पुराणाचा तसा अर्थ लागतो की नाही यावर वाद घाला. पण व्याकरण पाहा. यात हो नाही, भव नाही, येवो आहे. कोणी कोणाला देत नाही. म्हणणारी आणि ऐकणारा दोघे एकाच बाजूला उभे राहून वाटेकडे पाहतात.

आता शेवटचे. आमचे वडील मंठा तालुक्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचे आणि पुढल्या पाडव्याला संपायचे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, हे येथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे वडील कोमट पाण्याने शेकीत, हळद आणि तूप लावून चोळीत, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैलांना झूल, बेगड, पुरणपोळी. आयरिश पुस्तक मिटून आम्ही रात्रभर जे वाक्य शोधीत होतो ते हे. काम करणाराला, त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून, मानाने दिलेले निमंत्रण. ते आपल्याकडे होते, बैलांसाठी होते.

वडिलांना तेव्हा कोणी आवतण दिले नाही. पोळ्याच्या दिवशी मालकाकडून धोतरजोडी मिळे आणि पोळी घरी पाठवीत. ती आम्ही आवडीने खात असू. पण 'जेवायला या' हा शब्द त्यांना कोणी म्हटल्याचे आम्हांला आठवत नाही. त्यांचाही डावा खांदा बैलासारखाच होता. आम्ही लहान असताना त्यावर चढून बसत असू. पकड घ्यायला घट्टा बरा पडे.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. आम्हांला घड्याळाची शिस्त आहे, जादा तासाचे पैसे मात्र आम्ही मागणार नाही. मोंढ्यात गेली काही वर्षे हमाल मंडळी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांचे खांदे तेल-हळदीने चोळतात. सुरुवात थट्टेने झाली होती. आता म्हातारे हमाल चारपासूनच कपडे काढून रांगेत बसतात. दुसऱ्या दिवशी तेथेच पत्र्याच्या शेडखाली पंगत असते, पुरणपोळीची. अडते येतात, दोन-तीन मालकही येतात आणि जमिनीवर मांडी घालून बसतात. श्रावणी अमावास्या, दुपारी बारा. तुम्हां सर्वांना आवतण आहे, जेवायला या.